जुन्या गाडीचं इंजिन बदलायचं आहे? आधी आरसी दाखवा, मग इंजिन घ्या

दारव्हा, दिग्रस, आर्णी, कारंजा या भागातून आमच्या गॅरेजला येणाऱ्या गाड्यांत जुन्या जीप, कमांडर, मार्शल, सुरुवातीच्या बोलेरो आणि मारुती व्हॅन जास्त आहेत. या गाड्यांचे सांगाडे अजून दणकट आहेत. पांदणीच्या रस्त्यानं कापसाचे गाठोडे आणि मजूर आणायला त्यांच्याइतकी कामाची दुसरी गाडी नाही. म्हणून इंजिन थकलं तरी मालकाला गाडी काढावीशी वाटत नाही, आणि आम्हीही ती काढा असं कधी सांगत नाही.

अडचण वेगळ्याच जागी येते. नागपूरहून किंवा हैदराबादहून जुनं इंजिन टेम्पोत घालून येतं, आमच्या दारात उतरतं आणि मालक म्हणतात, "भाऊ, इंजिन तं भेटलं, तुम्ही बसवून द्या, कागदाचं मंग पाहू." हे "मंग पाहू" सर्वात महाग पडतं. बसवायला लागतात काही दिवस. कागद नसला तर पासिंगसाठी महिने जातात, आणि तोवर गाडी आमच्या आवारात नाहीतर तुमच्या अंगणात उभी राहते.

कारण साधं आहे. तुमच्या आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, चेसिस (सांगाड्याच्या) नंबरासोबत इंजिन नंबरही लिहिलेला असतो. पासिंगला साहेब दोन्ही नंबर गाडीवर प्रत्यक्ष पाहतात. ब्लॉकवरचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडावरचा नंबर आरसीशी जुळला नाही, तर इंजिन कितीही चांगलं चालत असलं तरी गाडी परत येते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही. इंजिन बदललं असेल तर ते 14 दिवसांत आपल्या राहत्या भागाच्या आरटीओला कळवावं लागतं. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेला सोडून केलेला बदल नोंदवता येत नाही. म्हणून आमचा आग्रह असतो की त्याच कंपनीचं, त्याच जातीचं, त्याच इंधनाचं इंजिन घ्या, आणि अर्ज आधी करून मग गाडी उघडा.

पेट्रोलच्या गाडीत डिझेल इंजिन घालून द्या, असं विचारणारे खूप येतात. ते काम आम्ही घेत नाही. सीएनजी किंवा एलपीजीचं वेगळं आहे. तिथं मान्यताप्राप्त किट आणि ते बसवायची परवानगी असलेलं केंद्र असेल तर नोंद होते.

आता नेमकं काय करायचं ते सांगतो. इंजिन विकणाऱ्याला पैसे देण्याआधी ब्लॉकवरच्या नंबराचा स्वच्छ फोटो मागवा. नंबर गंजला असेल तर डिझेल आणि तारेच्या ब्रशनं पुसायला सांगा, ग्राइंडर लावू देऊ नका. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला नंबर दिसला की आम्ही त्या इंजिनाला हात लावत नाही, मग ते कितीही स्वस्त असो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या "वाहन समन्वय" या सोयीत इंजिन नंबर टाकून ते चोरीच्या नोंदीत आहे का ते पाहता येतं. आमच्याकडे फोटो आणला तर ते आम्ही तुमच्यासमोरच पाहून देतो, त्याचे पैसे घेत नाही. बिलावर तोच इंजिन नंबर, विकणाऱ्याचं पूर्ण नाव आणि सही असली पाहिजे. "जुने इंजिन एक नग" एवढंच लिहिलेलं बिल आरटीओत कामाचं नाही. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्यांचं नाहरकतपत्र लागेल. नोंद झाल्यावर विमा कंपनीलाही नवा नंबर कळवा, नाहीतर अपघाताच्या दाव्यात तोच मुद्दा पुढे येतो.

कारंजा आणि मंगरूळपीरच्या ग्राहकांसाठी एक गोष्ट. काम इथं झालं तरी तुमची नोंद वाशिमलाच, एमएच 37 ला होते. यवतमाळला फाइल देऊन चक्कर वाया घालवू नका.

हे सगळं वाचून पुष्कळांना वाटतं, नको ती भानगड. त्यांना आम्ही आधी विचारतो की इंजिन खरंच बदलायचं आहे का? धूर निघतो, ऑइल खातं, चढावर दम लागतो, एवढ्यावरून ब्लॉक गेला असं होत नाही. तुमच्याच ब्लॉकला बोअर करून किंवा नवीन स्लीव्ह बसवून, रिंग-पिस्टन, बेअरिंग टाकून, हेडचं काम केलं तर इंजिन नव्यासारखं होतं, आणि नंबर तोच राहतो म्हणून कागदाला हात लावावा लागत नाही. ब्लॉकला तडा गेला असेल किंवा रॉड बाहेर आला असेल, तर बदलण्याशिवाय इलाज नाही. ते आम्ही उघडून दाखवतो आणि मगच बोलतो. उघडून पाहण्याची मजुरी पुढच्या बिलात धरतो.

पीयूसीचं, म्हणजे धूर तपासणीच्या प्रमाणपत्राचं दुखणंही बहुतेक इंजिन बदलण्यातूनच सुरू होतं. इंजिन नवं आलं म्हणून मर्यादा बदलत नाही. तुमची गाडी ज्या भारत स्टेजमध्ये (बीएस, म्हणजे सरकारनं ठरवलेला धुराचा टप्पा) नोंदली आहे, त्याचीच मर्यादा लागते. बीएस-4 च्या आधीच्या डिझेल गाडीचा धूर 65 हार्ट्रिज युनिटच्या (धूर किती दाट ते मोजायचं माप) आत असावा लागतो, बीएस-4 ला 50 च्या आत. पेट्रोलमध्ये बीएस-2 आणि बीएस-3 गाडीला कार्बन मोनॉक्साइड 0.5 टक्के, बीएस-4 ला 0.3 टक्के.

डिझेलचं इंजिन बदलून आलेली गाडी काळा धूर का ओकते, ते समजून घ्या. टर्बोच्या (हवा दाबून आत ढकलणाऱ्या) इंजिनाचा डिझेल पंप जास्त हवेच्या हिशोबानं जास्त डिझेल देतो. तोच पंप बिनटर्बोच्या इंजिनाला लावला की हवा कमी आणि डिझेल जास्त होतं, आणि न जळलेलं डिझेल काजळी होऊन बाहेर पडतं. काही मेकॅनिक "पिकअप वाढवून देतो" म्हणून पंपाचा स्क्रू फिरवतात, त्याचंही हेच होतं. म्हणून इंजिन कुठूनही आणलं तरी पंप तपासणीच्या बेंचवर लावल्याशिवाय आणि नोझल तपासल्याशिवाय आम्ही गाडी देत नाही. यामुळे आमचं बिल शेजारच्यापेक्षा थोडं जास्त दिसतं आणि दोन-तीन दिवस जास्त लागतात. पण पहिल्याच तपासणीत धूर मर्यादेत आला तर हे दिवस वसूल होतात. जिनिंगच्या हंगामात कापसाच्या तंतूंनी एअर फिल्टर भरतो, तोही पीयूसीआधी साफ करा. गाडी थंड इंजिनानं मशीनवर नेऊ नका, थोडी चालवून गरम करून न्या. निळा धूर असेल तर इंजिन ऑइल जाळत आहे, तिथं पंप कितीही बदलला तरी काही होत नाही, रिंग-पिस्टनच पाहावं लागतं.

कार्ब्युरेटरच्या मारुतीत एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनचं) इंजिन टाकायचं असेल, तर नुसतं इंजिन आणू नका. त्याचा ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंग, सेन्सर, टाकीतला पंप आणि ऑक्सिजन सेन्सरसकट सायलेन्सरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग), सगळा संच हवा. यातलं अर्धं सामान राहिलं म्हणून उभ्या असलेल्या व्हॅन आम्ही पाहिल्या आहेत. हा बदलही आरटीओला आधी विचारूनच करा.

आम्ही पीयूसी "काढून" देत नाही आणि एजंटकडे पाठवतही नाही. प्रमाणपत्राविना पकडलं तर कायद्यात 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, आणि धूर तर तुमच्याच लेकराबाळांच्या नाकात जातो. गाडी मशीनवर खरीच पास होईल अशी करून देणं, एवढंच आमचं काम.

15 वर्षं पूर्ण होणाऱ्या खासगी गाडीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या 60 दिवस आधीपासून घेतात. इंजिनचं काम त्याच्याही आधी उरकायला हवं. दसरा-दिवाळीच्या सुमारास, सोयाबीन निघून कापूस सुरू झाला की आमच्याकडे रांग लागते. तेव्हा उन्हाळ्यात किंवा पोळ्याआधी आरसी, विम्याचा कागद आणि गाडी घेऊन या. इंजिन अजून घेतलं नसेल, तर आणखी बरं.