होडीतली ‘ड्राय’ बॅटरी : हिडकलकाठच्या चार्जिंगची पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातली हिडकल आणि नविलुतीर्थ ही दोन्ही धरणं १९७० च्या दशकात उभी राहिली, आणि घटप्रभा-मलप्रभेत मासे धरणारा भोई नदीवरून तलावावर आला. नदीत एका काठावरून दुसरा काठ दिसायचा. तलावात रात्री जाळं कुठं सोडलं होतं तेच सापडेना, म्हणून उजेड लागला. आधी कंदील, ज्याला परवडेल त्याच्याकडे गॅसबत्ती. बुट्टीत, म्हणजे टोपलीसारख्या गोल होडीत (कानडीत हरिगोलू), रॉकेलची ज्योत आणि डांबर लावलेली ताडपत्री शेजारी-शेजारी असायची. तो धोका सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होता, त्यामुळे जो तो जपून राहायचा.

मग आली ‘बॅटरी’. सीमाभागातल्या मराठीत या शब्दाचा पहिला अर्थ हातातला टॉर्च. ‘जरा बॅटरी मार’ म्हटल्यावर कुणी चार्जर शोधायला जात नाही. आतले सेल संपले की फेकायचे, नवे घालायचे. चार्ज करणं हा प्रकारच नव्हता, म्हणून चार्जिंगची भीतीही नव्हती. पुढच्या घोटाळ्याचं मूळ मला इथंच दिसतं.

चार्ज होणारी बॅटरी होडीवर आली ती ट्रॅक्टर आणि चारचाकीची जुनी, गाडी सुरू करायला कमजोर झालेली. किनारपट्टीवर, कारवारपासून मालवणपर्यंत, यांत्रिक होडीत इंजिनच बॅटरी चार्ज करतं. इकडे वल्ह्याची बुट्टी, इंजिन नाही. संकेश्वर, निपाणी, चिकोडीच्या बाजारात बॅटरीवाल्याकडे ती चार्जिंगला लावायची आणि दुसऱ्या दिवशी सायकलवर बांधून आणायची. बॅटरीवाल्याचं दुकान उघडं, दार सताड, आम्लाचा वास रस्त्यापर्यंत. क्षमतेच्या दहाव्या भागाइतका करंट, म्हणजे ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, हा हिशेब त्याला पाठ असायचा. बूच काढून पाणी बघायचं, डिस्टिल्डच घालायचं, चिमटा काढण्याआधी बटण बंद करायचं. शिसं आणि गंधकाम्लाची ही बॅटरी १८५९ मध्ये फ्रान्समध्ये जन्मली आणि तेव्हापासून तिचा स्वभाव बदललेला नाही. दर सेलला, म्हणजे बॅटरीतल्या प्रत्येक कप्प्याला, साधारण २.४ व्होल्ट, म्हणजे ‘१२ व्होल्ट’च्या बॅटरीतल्या सहा सेलना मिळून १४.४ व्होल्ट ओलांडले की पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन वेगानं सुरू होतं. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते.

हे शहाणपण दुकानातच राहिलं. ते होडीपर्यंत का आलं नाही, याचं उत्तर ‘ड्राय’ या एका शब्दात आहे.

बाजारात या शब्दाचे तीन अर्थ फिरतात. पहिला टॉर्चच्या सेलचा. १८८६ च्या सुमारास जर्मनीत पेटंट झालेला हा सेल द्रवाऐवजी ओल्या लगद्यावर चालतो, म्हणून ड्राय. तो चार्ज करायचाच नसतो. दुसरा, ‘ड्राय चार्ज’ बॅटरी. कारखान्यातून तिच्या प्लेटा भारित पण कोरड्या येतात आणि दुकानात आम्ल ओतलं की ती इतर बॅटऱ्यांसारखीच ओली होते. तिसरा अर्थ आजचा आणि सगळ्यांत फसवा : सीलबंद, ‘मेंटेनन्स फ्री’ बॅटरी. हिच्यात काचेच्या बारीक तंतूंच्या गादीत आम्ल शोषून ठेवलेलं असतं. हलवली तर डचमळत नाही, आडवी केली तर सांडत नाही. म्हणून कोरडी. आत मात्र तेच शिसं, तेच गंधकाम्ल.

ही तिसरी बॅटरी घराघरांत पोचली ती पाठीवरच्या फवारणी पंपातून. ऊस, तंबाखू, भाजीपाल्याच्या पट्ट्यात बॅटरीचे पंप आले, त्यांत १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची छोटी चौकोनी बॅटरी. पंपाचा प्लॅस्टिकचा पाइप फाटला तरी बॅटरी धड असायची. ती काढून एलईडी पट्टीला जोडली की रात्रभर उजेड. वजनाला हलकी, बुट्टीला सोयीची, आणि नाव ‘ड्राय’. आम्ल नाही म्हणजे वायू नाही, वायू नाही म्हणजे कुठंही चार्ज करा, असा समज पसरला. हा समज चुकीचा आहे, आणि त्यात भोयांचा दोष मी धरत नाही. विकणाऱ्यानं जे नाव दिलं त्याच्यावर त्यांनी विश्वास ठेवला.

खरं असं की या बॅटरीत तयार झालेला ऑक्सिजन आतच वापरला जाऊन पुन्हा पाणी बनतं, म्हणून नेहमीच्या चार्जिंगला वायू जवळजवळ बाहेर येत नाही. पण तिला झडप असते. आपोआप न थांबणारा जुना चार्जर लावून रात्रभर विसरलं, व्होल्टेज १५ च्या पुढं गेलं, की झडप उघडते आणि हायड्रोजन बाहेर पडतो. आत पाणी भरायला बूच नसतं, त्यामुळे गेलेलं पाणी गेलंच. बॅटरी फुगते. फुगलेली बॅटरी म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी तिला ड्राय समजून जास्त चार्ज केलेली बॅटरी.

याला जोड मिळाली चोरीच्या भीतीची. काठावर बांधलेल्या बुट्टीतून बॅटरी जाते, म्हणून पत्र्याची पेटी करून कुलूप लावायची पद्धत पडली, आणि सोलर पॅनेल आल्यावर त्याच बंद पेटीत चार्जिंगही. हिशेब करून बघावा. बुचाच्या बॅटरीत फुल झाल्यावरही एक अँपिअर तासभर जात राहिला, तर सहा सेल मिळून अडीच लिटरच्या आसपास हायड्रोजन सोडतात. चाळीस लिटरच्या पेटीत ४ टक्के म्हणजे १.६ लिटर. तासाच्या आतच पेटी धोक्याच्या रेषेपलीकडे जाते. होडीत चार्ज करावं की बॅटरी घरी न्यावी, हा वाद काठावर अजून मिटलेला नाही. होडीवाल्यांचं म्हणणं रास्त आहे : रोज ओझं कोण नेणार, आणि गावात लाइट कधी येणार याचा भरवसा काय. तरी माझा कल घरच्या पडवीकडे आहे. होडीतच करायचं असेल, तर पेटीला वरच्या कडेला भोकं हवीत, कारण हायड्रोजन वर चढतो. नुसत्या खालच्या भोकांनी काम होत नाही. आणि धन तारेवर टर्मिनलपासून वीतभराच्या आत फ्यूज.

पॅनेलबद्दल थोडक्यात. ‘१२ व्होल्ट’ म्हणून विकलं जाणारं पॅनेल उन्हात, काही जोडलेलं नसताना, २१-२२ व्होल्ट दाखवतं. मध्ये चार्ज कंट्रोलर, म्हणजे बॅटरी भरली की करंट आवरणारं यंत्र, नसेल तर फुल झालेल्या बॅटरीत ते करंट ढकलतच राहतं.

आता लिथियम आलं आहे, आणि ‘ड्राय’चा घोळ ‘१२ व्होल्ट’ या आकड्यात उतरला आहे. एक जात आहे लोह-फॉस्फेटची : चार सेल, १२.८ व्होल्ट, चार्जिंगची कमाल १४.६. दुसरी जुन्या विजेच्या गाड्यांच्या किंवा लॅपटॉपच्या सेलपासून बांधलेली : तीन सेल, ११.१ व्होल्ट, फुल झाली की १२.६. दुकानात दोन्हींना ‘बाराची लिथियम’ म्हणतात. दुसरीला शिशाच्या बॅटरीचा १४.४ व्होल्टचा चार्जर लावला, आणि आत संरक्षण सर्किट नसेल, तर प्रत्येक सेलवर ४.८ व्होल्ट येतात, जिथं ४.२ ही हद्द आहे. ती नुसती फुगत नाही, पेट घेऊ शकते, आणि पाण्याच्या मध्यावर ताडपत्रीच्या बुट्टीत पळायला जागा नसते. ओळख पटवायला साधा मल्टिमीटर चालतो : चार्जर काढून तासभर थांबल्यावर पूर्ण भरलेली लोह-फॉस्फेट १३.३ च्या आसपास दाखवते, शिशाची १२.७, आणि तीन सेलची जास्तीत जास्त १२.६. शेवटच्या दोन आकड्यांत फरक इतका कमी आहे की वेष्टनावर सेल किती आणि कोणत्या जातीचे हे लिहिलेलं नसेल, तर ती बॅटरी होडीत घेऊ नये.