‘थोडीशीच’ कावीळ, पण कोणी मोजली?

‘थोडीशीच कावीळ आहे, कोवळ्या उन्हात धरा, उतरेल.’ तिसऱ्या दिवशी पिवळं दिसणारं बाळ पाहून कोणीतरी हे सांगतंच. उन्हाकडे नंतर वळू. मला आधी खटकतो तो ‘थोडीशीच’ हा शब्द.

पूर्ण दिवसांच्या दहा बाळांपैकी साधारण सहा पहिल्या आठवड्यात पिवळी पडतात. त्यांच्या लाल रक्तपेशी जास्त असतात आणि मोठ्यांच्यापेक्षा लवकर फुटतात. त्यातून आधी हिरवं बिलिव्हर्डिन आणि मग पिवळं बिलिरुबिन बनतं. मुका मार लागल्यावर काळानिळा डाग हिरवा होऊन पिवळा पडतो, तोही याच रसायनांमुळे.

बिलिरुबिनचा रेणू मोठा चतुर. चार कड्यांची ही साखळी मधोमध पुस्तकासारखी मिटते आणि पाण्याशी जमणारी टोकं हायड्रोजन बंधांनी आतच बांधून ठेवते. म्हणून तो पाण्यात विरघळत नाही, लघवीवाटे जात नाही. उलट चरबीत शिरतो आणि फार वाढला तर मेंदूतही. यकृत त्याला एक आम्ल जोडून ही घडी मोडतं, पण त्यासाठी लागणारं विकर जन्मतः मोठ्यांच्या जेमतेम एक टक्का काम करत असतं. निळा प्रकाश तेच काम दुसऱ्या वाटेने करतो. साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटरचा प्रकाश त्वचेत शिरतो आणि रेणूतला एक दुहेरी बंध फिरवतो. मग घडी नीट मिटत नाही, टोकं उघडी राहतात आणि रेणू यकृताच्या मदतीवाचून पित्तात उतरतो. एकही अणू कमी-जास्त झालेला नसतो!

हे प्रथम ध्यानात आलं ते १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या परिचारिका जीन वॉर्ड यांच्या. उन्हात नेलेल्या बाळाचा चादरीखाली झाकलेला भागच पिवळा राहिला होता. तरीही ऊन हा उपचार नव्हे. त्याची मात्रा ठरवता येत नाही, शिवाय उघडं बाळ भाजतं किंवा गारठतं.

आता ‘थोडीशीच’. दिवसाच्या उजेडात बाळाचं कपाळ बोटाने दाबून सोडा. रक्त सरकलेल्या जागी क्षणभर खरा रंग दिसतो. सावळ्या बाळाचे डोळे आणि हिरड्या पाहा. पिवळेपणा चेहऱ्यावरून पोटाकडे, मग तळव्यांकडे उतरतो. पण ही मोजपट्टी नव्हे. कावीळ आहे एवढं डोळा सांगतो, किती ते त्वचेवर टेकवायचं यंत्र किंवा रक्त सांगतं. आणि आकडा वाचायचा तो बाळाच्या वयाच्या तासांवर. विसाव्या तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे १२ मिलिग्रॅम म्हणजे धोक्याची घंटा. चौथ्या दिवशी पूर्ण दिवसांच्या, एरवी निरोगी बाळात तोच आकडा बहुधा नुसती नजर ठेवण्याचा.

पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ मात्र कधीच ‘नेहमीची’ नसते. पिवळं बाळ पिईनासं झालं, सुस्त पडलं, किंचाळल्यासारखं रडू लागलं किंवा पाठ ताणू लागलं, तर लगेच डॉक्टर.

कावीळ उतरावी म्हणून बांधतात त्या मंतरलेल्या दोऱ्याची किमया सोपी आहे. दोन आठवड्यांत यकृत बऱ्यापैकी कामाला लागतं, श्रेय दोऱ्याला मिळतं. पण त्यानंतरही पिवळेपणा टिकला तर एकूण आणि ‘डायरेक्ट’, म्हणजे यकृताने आम्ल जोडलेलं, बिलिरुबिन वेगवेगळं मोजायला हवं. पित्तनलिका बंद असेल तर निळा दिवाही निरुपयोगी ठरतो. तिथे यकृताला आतडं जोडून पित्ताला वाट करून देणारी कासाई शस्त्रक्रिया लागते आणि ती साठ दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त. नलिका बंद असल्याची पहिली खूण लंगोटातच दिसते: खडूसारखी पांढुरकी शी आणि कापडावर पिवळा डाग ठेवणारी लघवी.