मेसिए ८३ (एम ८३)

वासुकी तारकासमूहातील दंडयुक्त सर्पिल दीर्घिका. अंतर सुमारे १.५ कोटी प्रकाशवर्षे, दृश्यप्रत (आकाशात दिसणाऱ्या तेजाचे माप; आकडा मोठा तितके तेज कमी) सुमारे ७.५. 'सदर्न पिनव्हील' म्हणूनही ती ओळखली जाते. तिची तबकडी आपल्याला जवळजवळ समोरून दिसते, म्हणून दंड आणि भुजा कशा जुळलेल्या असतात हे अभ्यासायला इतकी सोयीची दीर्घिका क्वचितच मिळते.

दंड म्हणजे केंद्रातून आरपार गेलेला ताऱ्यांचा लांबट पट्टा. त्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे फिरणाऱ्या वायूचा कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) घटतो आणि वायू केंद्राकडे घसरत जातो. परिणामी एम ८३ च्या गाभ्यात ताऱ्यांचा जन्म झपाट्याने चालू आहे. भुजांवरही तेच: छायाचित्रांत दिसणारे गुलाबी ठिपके म्हणजे तरुण, तप्त ताऱ्यांनी उजळलेले हायड्रोजनचे मेघ. भारी तारे अल्पायुषी असतात, त्यामुळे जिथे जन्म जास्त तिथे स्फोटही जास्त. १९२३ ते १९८३ या साठ वर्षांत इथे सहा अतिनवतारे नोंदले गेले.

फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ निकोला-लुई द लाकाय यांनी ती १७५२ मध्ये केप ऑफ गुड होप येथून, जेमतेम अर्ध्या इंचाच्या दुर्बिणीतून शोधली. पॅरिसचे खगोलशास्त्रज्ञ शार्ल मेसिए यांनी १७८१ मध्ये तिला धूसर दिसणाऱ्या खस्थ वस्तूंच्या आपल्या यादीत घेतले. पॅरिसहून ती क्षितिजापासून फार वर येत नाही, त्यामुळे ती दिसायला त्यांना बरेच कष्ट पडले.

चित्रा ताऱ्याच्या दक्षिणेला १२ अंशांवर गॅमा वासुकी हा तारा आहे. तिथून नरतुरंग तारकासमूहातील थीटा ताऱ्याकडे रेषा कल्पावी; साधारण मध्यावर एम ८३ सापडते. एप्रिल-मेच्या रात्री योग्य. अंधाऱ्या आकाशात द्विनेत्रीतूनही धुरकट गोल डाग दिसतो. लहान दुर्बिणीत मधोमध ठळक ठिपका आणि भोवती फिकट वलय. आठ-दहा इंची दुर्बिणीत घाई करू नये: डोळे अंधाराला सरावले आणि नजर किंचित बाजूला ठेवली की धुक्यातून आधी दंड वर येतो, मग एखादी भुजा वळताना जाणवते. तो क्षण वाट पाहण्याजोगा असतो.

१६ जुलै १९६८ रोजी दक्षिण आफ्रिकेतील हौशी निरीक्षक जॅक बेनेट पाच इंची दुर्बिणीतून धूमकेतू शोधत होते. एम ८३ ची ओळख त्यांना पक्की होती. त्या रात्री तिच्यात एक प्रकाशबिंदू जास्तीचा होता. तोच अतिनवतारा १९६८एल.