लाकडी गाडीने राखलेली जागा : मार्गेटच्या ड्रीमलँडची पार्श्वभूमी

समुद्रकिनाऱ्यावरचं जुनं करमणूक पार्क डबघाईला आलं की दोन गोष्टी हमखास होतात. लोक जुने फोटो काढून हळहळतात आणि बिल्डर जागेची मोजणी करतात. बहुतेक ठिकाणी मोजणीवाले जिंकतात. इंग्लंडच्या आग्नेय टोकाला, केंट परगण्यातल्या मार्गेट गावचं ड्रीमलँड याला अपवाद ठरलं. त्याचं श्रेय बहुतेकदा लोकांच्या हळहळीला दिलं जातं. हळहळ होतीच, पण पार्क वाचलं ते तिथल्या एका लाकडी रोलर कोस्टरमुळे आणि त्या कोस्टरला २००२ साली मिळालेल्या सरकारी दर्जामुळे. पुनरुज्जीवनातल्या बऱ्याचशा अडचणीही त्याच लाकडातून निघाल्या.

मार्गेट लंडनहून रेल्वेने जेमतेम सव्वाशे किलोमीटर. अठराव्या शतकात डॉक्टर मंडळी समुद्रस्नान औषध म्हणून सांगू लागली आणि मासेमारीचं हे गाव पाहुण्यांवर जगू लागलं. क्षयाच्या रोग्यांसाठी सी बेदिंग हॉस्पिटलची स्थापना इथे १७९१ साली झाली. रेल्वे आली १८४६ मध्ये. पुढे १८६०च्या दशकात दुसऱ्या एका रेल्वे कंपनीने किनाऱ्यालगत टर्मिनस बांधलं, पण ते वापरात आलंच नाही. हे रिकामं स्टेशन १८६७ मध्ये स्पायर्स अँड पाँड या उपाहारगृहवाल्यांनी घेतलं आणि तिथे ‘हॉल बाय द सी’ नावाचं जेवणाचं नि नाचाचं दालन काढलं. क्रिकेटवेड्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. १८६१-६२ मध्ये इंग्लंडचा पहिला संघ ऑस्ट्रेलियाला नेण्याचा खर्च याच जोडीने उचलला होता.

१८७०च्या दशकात ही जागा जॉर्ज सँगर या सर्कसवाल्याकडे गेली. तो स्वतःला ‘लॉर्ड’ म्हणवून घेई. पदवी कुणी दिलेली नव्हती. त्याने मागच्या मोकळ्या जमिनीवर बाग, खोट्या पडक्या भिंती आणि प्राणिसंग्रह उभारला. भिंतीत बांधलेले ते पिंजरे आजही जागेवर आहेत आणि संरक्षित वास्तूंच्या यादीत आहेत.

आजचं ड्रीमलँड मात्र जॉन हेन्री आइल्सचं. हा मूळचा ब्रास बँडवाला. ब्रिटनची राष्ट्रीय ब्रास बँड स्पर्धा १९०० साली त्यानेच सुरू केली. अमेरिकेत गेला असताना त्याने न्यूयॉर्कजवळचं कोनी आयलंड पाहिलं. तिथे लामार्कस थॉम्पसनने १८८४ मध्ये पाच सेंट तिकिटाची घसरगाडी सुरू केली होती. तिचीच सुधारित आवृत्ती म्हणजे ‘सीनिक रेल्वे’. तिचे हक्क मिळवून आइल्सने ती युरोपात आणली. १९१९ मध्ये त्याने मार्गेटची जागा विकत घेतली. नावही कोनी आयलंडवरूनच घेतलं. तिथलं मूळचं ड्रीमलँड १९११ च्या आगीत खाक झालं होतं. ३ जुलै १९२० रोजी मार्गेटची सीनिक रेल्वे सुरू झाली. आज ती ब्रिटनमधली सगळ्यात जुनी टिकलेली रोलर कोस्टर आहे.

हिची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही. मार्ग साधारण एक किलोमीटरचा, सर्वांत उंच जागा बारा मीटरच्या आसपास, वेग ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटर. आजच्या कोस्टरांपुढे हे आकडे किरकोळ वाटतील. पण आधुनिक कोस्टरला चाकांचे तीन संच असतात: वर धावणारी चाकं, बाजूची चाकं आणि रुळाला खालून धरून ठेवणारी चाकं. या तिसऱ्या संचामुळे गाडी रुळावरून उचलली जाऊ शकत नाही. मार्गेटच्या गाडीला हा तिसरा संचच नाही. लाकडी तुळयांवर पोलादी पट्टी ठोकलेली, तिच्यावर गाडीची चाकं आणि कडेच्या फळ्यांना घासत गाडीला आत ठेवणारी बाजूची चाकं, एवढ्यावर काम चालतं. म्हणजे गाडी रुळाला धरून राहते ती केवळ आपल्या वजनाने. उंचवट्यावरून वाजवीपेक्षा जोरात गेली तर ती उचलली जाणार, आणि वळणावर जोरात गेली तर कडेच्या फळ्यांवर भार येणार.

म्हणून गाडीत माणूस लागतो. ब्रेकमन प्रवाशांबरोबर गाडीतच उभा असतो आणि हातात लिव्हर धरून वेग राखतो. चढावर सतत फिरणारी पोलादी तार गाडीला ओढून नेते. असे दोन चढ आहेत. माथ्यावर तार सुटली की पुढचं सगळं उतार, गाडीचं वजन आणि ब्रेकमनचा अंदाज यांवर. हा अंदाज रोज वेगळा असतो. गाडी भरलेली असेल तर ती जोरात सुटते, अर्धी रिकामी असेल तर मंदावते. थंड सकाळी वंगण घट्ट असतं, म्हणून पहिल्या फेऱ्या हळू जातात. दुपारी तीच गाडी दुसरीच असल्यासारखी पळते. पट्टी ओली असेल तर ब्रेक उशिरा धरतो. समोरून वारा असला आणि ब्रेकमनने एका उतारावर जास्त ब्रेक मारला, तर पुढचा चढ चढायला वेग पुरत नाही. गाडी मागे-पुढे डुलत दोन चढांमधल्या खोलगटात थांबते. मग प्रवाशांना उतरवून लाकडी पायवाटेने खाली आणायचं आणि गाडी ओढून काढायची. तोवर गाडी बंद आणि रांगेतले लोक कुरकुरणार.

लाकडाचं स्वतःचं गणित आहे. लाकडी सांगाडा थोडा हलायलाच हवा, तो धक्का त्यातच जिरतो. पण हलतो म्हणून नट ढिले होतात, बोल्टची भोकं रुंदावतात, पट्टीचे सांधे वर येतात. शिवाय जागा समुद्राकाठची. खारट दमट हवेत बोल्ट गंजतो, गंज फुगून भोवतीचं लाकूड चिरतो, चिरेत पाणी मुरतं आणि आतून कूज सुरू होते. बाहेरून रंग शाबूत दिसतो. म्हणून पार्क उघडण्याआधी रोज सकाळी माणसाने पूर्ण मार्ग चालून पाहावा लागतो. हातोडीने ठोकून लाकडाचा आवाज ऐकायचा, नट आवळायचे, पट्टीवर हात फिरवायचा आणि मग रिकामी गाडी सोडायची. मोठी कामं हिवाळ्यात. दर वर्षी काही खांब आणि तुळया बदलायच्या. असं शंभर वर्षं चाललं की मूळचं लाकूड फारच थोडं उरतं. वारसा म्हणून काय जपायचं, लाकूड की मांडणी, हा प्रश्न इथे कागदावरचा राहत नाही. प्रत्येक दुरुस्तीच्या परवानगीत तो येतो.

आइल्सने १९३० च्या दशकात आणखी मोठी उडी घेतली. १९३५ मध्ये लेदार्ट आणि ग्रेंजर या वास्तुविशारदांकडून दोन हजारांवर आसनांचं सिनेमागृह बांधलं. त्याचा पात्यासारखा उभा, उंच मनोरा किनाऱ्यावरून लांबून दिसतो. ड्रीमलँडचा फोटो म्हटला की आजही तोच. १९३८ मध्ये आइल्सचं दिवाळं निघालं आणि कारभार त्याच्या मुलाकडे आला. युद्धात डंकर्कहून सुटका होऊन आलेल्या सैनिकांना इथे उतरवून घेतलं गेलं.

युद्धानंतरची वीसेक वर्षं चांगली गेली. मग स्वस्त विमानाने स्पेनला जाणं लंडनच्या कामगाराच्या आवाक्यात आलं. मार्गेटचं ऊन बेभरवशाचं, तिथलं खात्रीचं. आठवडाभर राहणारं कुटुंब एका दिवसापुरतं येऊ लागलं आणि गावातली लॉजेस भाड्याच्या खोल्यांत बदलत गेली. १९८१ मध्ये बेंबोम या डच कंपनीने पार्क घेऊन आपलं नाव दिलं आणि पोटात गोळा आणणाऱ्या नव्या पोलादी राइड्स आणल्या. गर्दी परतली, पण टिकली नाही. १९९६ मध्ये पार्क पुन्हा विकलं गेलं. त्यानंतर राइड्स एकेक करून कमी होत गेल्या.

इथे पोलाद आणि लाकूड यांतला फरक निर्णायक ठरला. पोलादी राइड जत्रेतल्या आकाशपाळण्यासारखी असते: बोल्ट काढा, ट्रेलरवर चढवा, दुसरीकडे उभी करा. तिला बाजारभाव असतो, म्हणून अडचणीतला मालक तीच आधी विकतो. लाकडी रेल्वे उचलून नेता येत नाही. उतरवली की तिचं सरपण होतं. सगळं गेलं तरी ती उरली ती त्यामुळेच. आणि जमिनीत रोवलेली म्हणून तिला वास्तू मानणंही शक्य झालं. मार्च २००२ मध्ये ती संरक्षित वास्तूंच्या यादीत दुसऱ्या श्रेणीत आली. ब्रिटनमध्ये असा दर्जा मिळालेली ही पहिलीच राइड. अर्ज केला होता नगररचनेच्या क्षेत्रातल्या निक लेस्टर यांनी. जानेवारी २००३ मध्ये पार्क बंद करून तिथे दुकानं उभारण्याची योजना पुढे आली, तेव्हा ‘सेव्ह ड्रीमलँड’ मोहीम त्यांनीच सुरू केली.

या दर्जाची ताकद कळायला इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या साउथपोर्टचं उदाहरण पुरे. तिथल्या प्लेझरलँडमधली सायक्लोन ही १९३७ ची लाकडी कोस्टर. तिच्यासाठीही लोक रस्त्यावर आले, पण दर्जा नव्हता. २००६ मध्ये पार्क बंद झालं आणि त्याच वर्षी ती पाडली गेली. मार्गेटमध्ये परवानगीशिवाय एक तुळई काढणंही गुन्हा ठरला असता. जागेच्या मधोमध पसरलेली न हलणारी वस्तू आली की मॉलचा नकाशा बसत नाही. बिल्डरच्या दृष्टीने जागेचा भावच पडला.

पण कायदा पाडायला बंदी करतो, गाडी चालवायला भाग पाडत नाही. कोस्टर नुसती उभी राहिली. ७ एप्रिल २००८ रोजी आग लागली. पोलिसांनी ती लावली गेल्याचा संशय धरला. स्टेशन, कार्यशाळा, गाड्या आणि सुमारे पाव मार्ग जळाला. वर्षानुवर्षं वंगण मुरलेलं कोरडं लाकूड पेटायला वेळ लागत नाही. तरीही दर्जा काढला नाही. उलट २०११ मध्ये दर्जा एक पायरी वाढला: दुसऱ्या श्रेणीपुढे तारा लागला.

पुढची लढाई मालकीची होती. मार्गेट ज्या जिल्ह्यात येतं त्या थॅनेटच्या जिल्हा परिषदेने २०११ मध्ये सक्तीने जागा संपादन करण्याची प्रक्रिया सुरू केली. २०१२ मध्ये मंजुरी मिळाली, न्यायालयात आव्हानं झाली आणि २०१३ मध्ये ताबा आला. पैसा सरकारी अनुदान आणि लॉटरीच्या वारसा निधीतून उभा राहिला. दरम्यान ड्रीमलँड ट्रस्टने बंद पडलेल्या पार्कांमधल्या जुन्या राइड्सचे सुटे भाग गोळा केले. साउथपोर्टमधल्या वस्तूही त्यांत होत्या. हेमिंग्वे डिझाइन या रचनाकार संस्थेने जागेला जुन्या काळाचा चेहरा दिला.

१९ जून २०१५ ला पार्क उघडलं, पण सीनिक रेल्वे तयार नव्हती. जिच्यासाठी बारा वर्षं भांडण झालं ती गाडी सुटली ऑक्टोबरमध्ये, हंगाम संपताना. समुद्रकाठच्या पार्काची वर्षाची कमाई सहा-आठ आठवड्यांत होते. ते आठवडे मुख्य आकर्षणाविना गेले, तिकीट काढून आत आलेला माणूस चिडला. २०१६ मध्ये चालक कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेली. आमच्या मते ही चूक ऐन वेळी झाली नव्हती, वेळापत्रकातच होती. शतकापूर्वीची मांडणी, आजचे सुरक्षा नियम आणि वारसा खात्याची मान्यता या तिन्हींत बसणाऱ्या गाड्या नव्याने बनवायला किती वेळ लागेल, याचा अंदाज कमी धरून उद्‌घाटनाची तारीख आधी ठरली.

२०१७ च्या उन्हाळ्यात नवं भांडवल आलं, प्रवेश मोफत झाला, राइडगणिक पैसे घेण्याची पद्धत आली आणि मोकळी हिरवळ मैफलींसाठी राखली. त्याच जूनमध्ये गोरिलाझ या बँडचा महोत्सव तिथे झाला. एका संध्याकाळच्या मैफलीची तिकिटं नि बारचा गल्ला राइड्सच्या कित्येक दिवसांच्या कमाईला भारी पडतो. शिवाय पाऊस आला तरी तिकीट आधीच विकलेलं असतं. स्थानिकांची कुरकूर अशी की पाळण्यांची जागा मंच खातो. ती खरी आहे. पण हिवाळ्यात बदलायच्या तुळयांचे पैसे त्या मंचातून निघतात, हेही खरं.

गावाकडून पाहिलं तर चिन्हं बरी आहेत. २००९ च्या डिसेंबरपासून लंडनहून जलद गाड्या आहेत, २०११ मध्ये टर्नर कंटेम्पररी हे कलादालन किनाऱ्यावर उघडलं, जुन्या बाजारात दुकानं परतली. अडचण कोस्टरचीच. २०१५ नंतरही ती अधूनमधून बंद राहिली. ब्रेकमन बाजारात मिळत नाहीत, ते तिथेच घडवावे लागतात. एका हंगामात शिकलेला माणूस दुसऱ्या हंगामात परत आला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. लाकडी रुळाचं काम जाणणारे सुतारही तसेच विरळ. हंगामी पगारावर दोघांनाही धरून ठेवता येत नाही.

सिनेमागृह २००७ पासून बंद आहे. २०२२ मध्ये आलेल्या एका चित्रपटाचं चित्रीकरण तिथे झालं, तेव्हा दर्शनी भाग उजळला. आतल्या मोठ्या सभागृहाचं काम आणि त्याला लागणारा पैसा अजून बाकी आहे.