प्रिम्युला डेंटिक्युलाटा

प्रिम्युलेसी कुलातील बहुवर्षायू रानवनस्पती. अफगाणिस्तानपासून काश्मीर, उत्तराखंड, नेपाळ, भूतान या मार्गाने म्यानमार व नैर्ऋत्य चीनपर्यंत, सुमारे १,५०० ते ४,५०० मी. उंचीवर आढळते. मराठीत तिला रूढ नाव नाही; मुंबईचे ट्रेकर नुसते ‘प्रिम्युला’ म्हणतात. लॅटिनमध्ये ‘प्रीमस’ म्हणजे पहिला, आणि या जातीला हे नाव फार शोभते.

हिमालयात बर्फ मागे सरकून उतारावरची ओली माती उघडी पडली, की पाने पुरती उलगडायच्या आतच ही फुलते. १० ते ३० सेंमी. उंच दांड्यावर जांभळ्या फुलांचा गच्च गोल चेंडू येतो. कदंबाचे फूल पाहिलेल्याला तो लगेच ओळखीचा वाटेल. पाकळ्यांना टोकाशी खाच आणि फुलाच्या मधोमध पिवळा डोळा असतो. पानांच्या कडा बारीक दातेरी असतात, त्यावरून जातीचे नाव पडले. पानांवर बऱ्याचदा पांढरी वा पिवळसर पिठी दिसते. ती धूळ नव्हे. ग्रंथिल केसांतून स्रवणारी फ्लेव्होने ही रसायने तिच्यात असतात.

ओलसर कुरणे, ओढ्यांचे काठ आणि वृक्षरेषेच्या वरचे बुग्याल, म्हणजे उंचावरची गवताळ माळराने, हे तिचे घर. हिवाळ्यात झाड मातीलगतच्या जाड कळीत मिटून राहते. वर हवा गोठलेली असली, तरी बर्फाच्या गोधडीखाली तापमान शून्याच्या फार खाली जात नाही. मुंबईच्या हवेत ही थंडीची झोपच मिळत नाही, म्हणून ती इथे रुजवण्याचा हट्ट धरू नये. तिच्या घरी जावे, तेही वेळ साधून. उत्तराखंडातल्या ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ला जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांना इतर फुलांचे गालिचे भेटतात, पण हिचा बहर तोवर बहुतेक ओसरलेला असतो. मे महिन्याच्या सुटीत तिथल्याच चोपता-तुंगनाथची वाट धरणाऱ्यांना ती भेटण्याची शक्यता अधिक. बुग्यालाची माती पातळ असते, तंबूंखाली ती लवकर उघडी पडते. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामास बंदी घातली, ती योग्यच होती.

हिच्या काही झाडांच्या फुलांत किंजल (स्त्रीकेसराचा दांडा) लांब व पुंकेसर खाली, तर काहींत उलट असते. त्यामुळे कीटकांकरवी पराग एका प्रकारच्या फुलातून दुसऱ्या प्रकारात जातात आणि परपरागण साधते. प्रिम्युला प्रजातीतील ही युक्ती डार्विन यांनी १८६२ मध्ये उलगडून दाखवली.

मुंबईचा हिमालयी फुलांशी जुना संबंध आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिसंग्रह ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या फादर ब्लाटर यांनी काश्मीरच्या फुलांवर दोन भागांचा ग्रंथ लिहिला. प्रिम्युलाचा एक नातलग तर मुंबईच्या दारातच आहे: ठाणे खाडीच्या चिखलातला काजळा, एक खारफुटी. पूर्वी त्याला वेगळ्या कुलात ठेवत. आता तो प्रिम्युलेसीतच गणला जातो. त्याच्याही पानांवर पांढरा थर दिसतो, मात्र तो ग्रंथींनी बाहेर टाकलेल्या मिठाचा असतो.