‘ग्रबी’ आणि मळकट

सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांसोबत चालणाऱ्या भक्तांच्या अंगावर पांढरी बाराबंदी असते. सकाळी परीटघडीची असलेली ती बाराबंदी मिरवणूक संपेपर्यंत बाह्यांच्या कडांना आणि पाठीवर घामाने, धुळीने डागळते. तिला सोलापूरकर मळकट म्हणतील, घाणेरडी मात्र म्हणणार नाहीत. इंग्रजी बोलीतला ‘ग्रबी’ हा शब्द नेमका या जागी बसतो. तरीही मराठीत त्याचा अर्थ सांगताना बहुधा ‘घाणेरडा’ म्हणून मोकळे होतात.

या शब्दाचे मूळ मातीत आहे. ‘ग्रब’ हे मध्ययुगीन इंग्रजीतले क्रियापद असून त्याचा अर्थ खणणे, उकरणे असा होतो. जमिनीत राहून मुळे कुरतडणाऱ्या अळीलाही ‘ग्रब’ म्हणतात आणि हे नाव बहुधा त्या उकरण्यावरूनच पडले असावे. सोलापूर जिल्ह्यातल्या ऊस उत्पादकांना ही अळी परकी नाही, कारण आपण जिला हुमणी म्हणतो तिचेच इंग्रजी नाव ‘व्हाइट ग्रब’. अठराव्या शतकात ‘ग्रबी’ म्हणजे अशा अळ्या पडलेला, किडका. मळका हा आजचा अर्थ रुळला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास. जेवणाला गमतीने ‘ग्रब’ म्हणण्याची रीत त्याहून जुनी, सतराव्या शतकातली आहे.

लंडनमध्ये ‘ग्रब स्ट्रीट’ नावाचा एक रस्ताही होता. पोटासाठी मिळेल ते खरडणाऱ्या लेखकांची ती वस्ती. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशात या रस्त्याची नोंद करताना तिथल्या रहिवाशांत कोशकारांनाही बसवले, म्हणजे स्वतःलाही चिमटा काढला. 1830 साली या रस्त्याचे नाव बदलून ‘मिल्टन स्ट्रीट’ करण्यात आले.

आजच्या वापरात ‘ग्रबी’ हा शब्द मातीत खेळून आलेल्या मुलाचे हात, सतत हाताळून काळवंडलेली वहीची कड किंवा बरेच दिवस न धुतलेला टॉवेल यांना लावतात, आणि त्यात किळसेपेक्षा सौम्य नापसंती अधिक असते. लाक्षणिक अर्थाने मात्र तोच शब्द बोचरा होतो. स्वार्थासाठी केलेल्या हलक्या सौद्याला इंग्रजीत ‘ग्रबी’ म्हणतात, पण ‘मळकट सौदा’ असे मराठीत कोणी म्हणत नाही. तिथे आपले हात बरबटलेले असतात आणि राजकारण घाणेरडे असते.