माउंटन बाइकची घरगुती फ्रेमबांधणी

तयार फ्रेम विकत न घेता, स्वाराच्या मापाप्रमाणे आणि वाटेच्या प्रकाराप्रमाणे आराखडा स्वतः काढून, घरच्या गॅरेजमध्ये किंवा लहानशा वर्कशॉपमध्ये सुट्या नळ्यांपासून फ्रेम जोडण्याची पद्धत. चाके, गिअर, ब्रेक आणि पुढचे चाक धरणारा सस्पेन्शनचा (धक्के शोषणारा) चिमटा विकतचेच असतात. बांधायचा असतो तो सांगाडा. प्रस्तुत नोंदीत मागे सस्पेन्शन नसलेल्या पोलादी फ्रेमचा, म्हणजे ‘हार्डटेल’चा, विचार प्रामुख्याने केला आहे, कारण घरी बांधायला तीच सर्वांत सोयीची.

उगम : सायकल खडबडीत वाटेवर चालण्याजोगी करून घेण्याचे प्रयोग जुने आहेत. पॅरिसच्या परिसरात १९५१ ते १९५६ या काळात ‘व्हेलो क्रॉस क्लब पारिझियँ’ या मंडळातील तरुण ६५०-बी या मापाच्या चाकांच्या सायकलींत फेरफार करून त्या रानवाटांवर हाकत. कॅलिफोर्नियात जॉन फिनली स्कॉट यांनी १९५३ मध्ये श्विन कंपनीच्या फ्रेमवर जाड टायर, सरळ हँडल आणि साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे डिरेलर गिअर चढवले. या दोन्ही प्रयत्नांत भर होता तो तयार सायकल सुधारण्यावर, शिवाय पुढे त्यांची परंपराही झाली नाही. त्यामुळे फ्रेमबांधणीच्या इतिहासात त्यांचे स्थान दुय्यमच मानावे लागते.

सलग परंपरा सुरू होते ती कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत, माउंट टॅमलपायसच्या परिसरात. तेथील तरुण १९३०-४० च्या दशकांतील श्विन एक्सेलसियर या जड सायकली डोंगरउतारावरून सोडत. या सायकलींना ते ‘क्लंकर’ म्हणत. फेअरफॅक्स गावाजवळच्या वाटेवर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली ‘रीपॅक’ शर्यत झाली. सुमारे ३ किमी.मध्ये ४०० मी.च्या आसपास उतार असल्याने मागच्या हबमधील ब्रेकचे ग्रीस जळून जाई आणि दर फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. शर्यतीचे नाव त्यावरूनच पडले. जुन्या फ्रेम या माराने वाकत, तडकत. त्यामुळे नव्या फ्रेमची गरज निर्माण झाली.

या वापरासाठी मुद्दाम बांधलेली पहिली फ्रेम कोणाची, याबद्दल मतभेद आहेत. बहुतेक लेखक हा मान जो ब्रीझ यांच्या १९७७ च्या फ्रेमला देतात. ती आता स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. क्रेग मिचेल यांनी रीपॅक शर्यतींचे आयोजक चार्ली केली यांच्यासाठी बांधलेली क्रोमोली (एक मिश्र पोलाद) फ्रेम मात्र त्याआधीची, १९७६ च्या सुमाराची, असावी आणि निव्वळ कालक्रम पाहिला तर अग्रमान तिच्याकडे जाऊ शकतो. तथापि केली तिच्यावर समाधानी नव्हते; ते पुन्हा आपल्या एक्सेलसियरकडे वळले आणि त्या आराखड्याची पुनरावृत्ती झाली नाही. ब्रीझ यांनी पहिल्या फ्रेमनंतर १९७८ पर्यंत त्याच धर्तीच्या आणखी नऊ बांधल्या आणि इतर कारागिरांनी त्या समोर ठेवून काम केले. आधीची फ्रेम कोणती आणि परंपरा कोणापासून, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले तर वाद बराचसा निवळतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ब्रीझ हेच दिसते. त्यांनी अल्बर्ट आयझेनट्राउट यांच्याकडे रोड सायकलच्या फ्रेमबांधणीचे शिक्षण १९७४ मध्ये घेतले होते, हेही लक्षात घ्यावे. नवी सायकल जुन्या कारागिरीतूनच आली.

ब्रीझ यांच्या फ्रेममध्ये हेड ट्यूबपासून (चिमट्याचा दांडा ज्यात फिरतो त्या पुढच्या आखूड नळीपासून) मागच्या चाकापर्यंत तिरक्या जाणाऱ्या दोन जादा नळ्या होत्या. टॉम रिची यांनी १९७९ मध्ये बांधलेल्या फ्रेममध्ये त्यांना फाटा दिला आणि जाड व्यासाच्या नळ्या घेतल्या. भिंतीची जाडी तीच ठेवली तर पातळ नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे हा मार्ग हलकाही ठरला. रिची शाळकरी वयापासून घरच्या गॅरेजमध्ये फ्रेम बांधत आले होते. स्पेशलाइझ्ड कंपनीची जपानमध्ये बनलेली स्टंपजंपर १९८१ मध्ये बाजारात आली. त्यानंतर घरी फ्रेम बांधणे ही गरज उरली नाही, हौस झाली.

आराखडा : नवखा माणूस जोडकामाला बिचकतो, वस्तुतः फ्रेम बिघडते ती अधिक करून कागदावर. हेड ट्यूबचा कोन, चिमट्याचा ऑफसेट (स्टिअरिंगच्या अक्षापासून चाकाचा आस जितका पुढे असतो ते अंतर) आणि चाकाची त्रिज्या यांवरून ‘ट्रेल’ ठरतो. स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला जेथे भेटतो तेथपासून टायर टेकतो त्या बिंदूपर्यंतचे हे अंतर. त्रिज्येला कोनाच्या कोसाइनने गुणून ऑफसेट वजा करावा आणि आलेल्या संख्येला कोनाच्या साइनने भागावे. २६ इंची चाक, ७१° कोन आणि ३८ मिमी. ऑफसेट या जुन्या धर्तीत ट्रेल सुमारे ७५ मिमी. येतो. २९ इंची चाक, ६६° आणि ४४ मिमी. या अलीकडच्या धर्तीत तो ११६ मिमी.पर्यंत जातो. ट्रेल जास्त असेल तर उतारावर सायकल सरळ धावते, चढावर मात्र पुढचे चाक डोलते.

ही मापे स्वार बसलेला असताना काय होतील ते पाहणे आवश्यक असते. १२० मिमी. प्रवासाचा, म्हणजे तितका दबू शकणारा, चिमटा स्वाराच्या वजनाने ३० मिमी. दबला तर हेड ट्यूब सव्वा ते दीड अंशाने उभी होते आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस बसतो तो भाग) साधारण १० मिमी. खाली येते. केवळ मोकळ्या सायकलीची मापे धरून काढलेल्या फ्रेमचे पेडल दगडांना लागते ते यामुळे.

सर्वांत अडचणीची जागा बॉटम ब्रॅकेटच्या मागची. तेथे टायर, चेनरिंग (पेडलजवळचे दातेरी चक्र) आणि चेनस्टे (तेथून मागच्या चाकाच्या आसापर्यंत जाणारी नळी) यांना एकाच ठिकाणी बसायचे असते. ब्रॅकेटचे कवच ७३ मिमी. रुंद आणि टायर ६० मिमी.च्या आसपास, दोन्ही बाजूंना चिखलासाठी किमान ६ मिमी. मोकळे सोडले की नळीला जवळपास जागाच उरत नाही. २९ इंची चाकाला चेनस्टे ४३० मिमी. ठेवला तर टायरची बाहेरची कड आणि ३२ दात्यांच्या चेनरिंगचे दाते मागेपुढे काही मिमी.नी एकमेकांवर येतात. मग नळी शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून चेपतात, वाकवतात, किंवा उजवीकडे नळीऐवजी जाड पट्टी घालतात. हे गणित आता बाइककॅडसारख्या संगणक प्रणाली करून देतात, तरी पूर्ण आकाराचे रेखाचित्र कागदावर काढून त्यावर नळ्या ठेवून पाहणारे कारागीर अजून आहेत.

साहित्य : क्रोमोली हे क्रोमियम व मॉलिब्डेनम असलेले मिश्र पोलाद, ४१३० या प्रतीत कार्बन सुमारे ०.३ टक्का असतो. नळ्या टोकांना जाड व मधे पातळ असतात, उदा., ०.८/०.५/०.८ मिमी. या ‘बटेड’ पद्धतीचे पेटंट रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्ये घेतले. जाड टोक सांध्याखाली आले पाहिजे. त्यामुळे नळी कोणत्या बाजूने कापायची हे आधी ठरवावे लागते. ६०६१ ॲल्युमिनियमला वितळजोडकामानंतर भट्टीत उष्णतासंस्कार द्यावे लागतात, टिटॅनियमच्या नळीत आतूनही आर्गॉन सोडावा लागतो. घरी पोलादच टिकून राहिले ते याच कारणाने.

जोडकाम : नळीचे टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईवर नेमके बसेल असे अर्धगोल कानशीने घासतात. सांध्यामागे दिवा धरून फट दिसत नाही ना, हे पाहण्याची रीत आहे. नंतर जिगमध्ये (नळ्या जागच्या जागी धरणाऱ्या चौकटीत) बसवून टाके मारतात, सरळपणा तपासतात आणि मगच सांधे पुरे करतात. हौशी कारागिरांत पितळी झाळकाम विशेष रूढ आहे : फ्लक्स (धातूवर गंज चढू न देणारा लेप) लावून सांधा लालसर नारिंगी होईपर्यंत तापवतात आणि ९००° से.च्या आसपास वितळणाऱ्या पितळी सळईने सांध्याभोवती गोलसर भराव घालतात. चांदीमिश्रित सळई सुमारे ६५०° से.ला वितळते, पण तिला फट अगदी बारीक लागते. टिग पद्धत (विजेच्या ज्योतीने नळ्यांच्या कडाच वितळवून जोडणे) वेगवान, मात्र हात बसायला वेळ लागतो. नळीच्या बंद होणाऱ्या टोकाशी हवेला वाट म्हणून छिद्र ठेवतात. ते राहून गेले तर आतली तापलेली हवा शेवटच्या बिंदूतून वितळलेले पितळ उडवते. उष्णतेने सीट ट्यूब (सीटचा दांडा बसतो ती नळी) आक्रसते, ती रीमरने (आतून कोरणाऱ्या हत्याराने) साफ करावी लागते.

दोष व चाचणी : समोरून आदळल्यास डाउन ट्यूब (हेड ट्यूबपासून बॉटम ब्रॅकेटपर्यंतची तिरपी नळी) हेड ट्यूबच्या लगत खालच्या अंगाने दुमडते. तेथे आधाराची पट्टी घालतात. तिचे टोक एकदम तुटक ठेवल्यास तडा नेमका त्या टोकाशी जातो. डिस्क ब्रेकच्या बैठकीजवळची नळीही तडकण्याची जागा आहे. आयएसओ ४२१० या मानकात पेडलच्या बलाची १,००,००० आवर्तनांची श्रांती-चाचणी (वारंवार भाराने धातू तडकतो का हे पाहणारी) आहे. घरी ती शक्य नसल्याने पहिली फ्रेम बांधणाऱ्याने स्वतःच वापरावी, असा संकेत आहे.

शिक्षण व भारत : अमेरिकेत ओरेगनमधील ॲशलंड येथील युनायटेड बायसिकल इन्स्टिट्यूटने फ्रेमबांधणीचे वर्ग चालवले आहेत. हाताने बांधलेल्या सायकलींचे उत्तर अमेरिकी प्रदर्शन २००५ मध्ये ह्यूस्टन येथे सुरू झाले. भारतात दणकट काळ्या सायकलींच्या फ्रेम लग (सांध्यावर बसणारे धातूचे खोळ) व झाळकामाने जोडण्याची पद्धत जुनी आहे, पण पातळ बटेड नळ्या बहुधा परदेशातून मागवाव्या लागतात. पुण्यात बांबूच्या सायकली हाताने बांधण्याचे प्रयोग झाले आहेत.